‘आमच्या हद्दीत येत नाही’

या महिन्याच्या टपालात एक वाक्य इतक्या पत्रांत आलं की मी समासात खुणा करायला लागले, आणि नवव्या खुणेनंतर पेन्सील ठेवून दिली. वाक्य एकच : ‘ते म्हणाले, हे आमच्या हद्दीत येत नाही.’ म्हणणारे कधी ठाणे अंमलदार, कधी कोर्टातले कारकून, एका पत्रात तर वकीलसाहेब स्वतःच. म्हणून या वेळचं सगळं सदर हद्दीवर. पत्रं कापली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : वकीलताई, रात्रीच्या गाडीने नागपूरहून पुण्याला येत होते. अकोल्यानंतर डोळा लागला. मनमाडला जाग आली तेव्हा उशाखालची पर्स गायब. मोबाइल, चार हजार रुपये आणि आधार कार्ड गेलं. पुण्यात उतरून तक्रार द्यायला गेले तर ‘चोरी कुठल्या स्टेशनजवळ झाली ते सांगा आणि तिथे जाऊन द्या’ असं उत्तर मिळालं. झोपलेल्या माणसाला हे कसं कळणार? (एक वाचक भगिनी, नागपूर)

उत्तर : कळणार नाही, आणि कळावं अशी कायद्याचीही अपेक्षा नाही. प्रवासातल्या गुन्ह्यासाठी वेगळा नियमच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०३ प्रमाणे, प्रवासी किंवा चोरीची वस्तू त्या प्रवासात ज्या ज्या कोर्टाच्या हद्दीतून गेली, त्यांपैकी कुठल्याही कोर्टात खटला चालू शकतो. पर्स भुसावळच्या अलीकडे गेली की जळगावच्या पलीकडे, हे तुम्ही सिद्ध करायचं नाही. आणि पोलिसांचा तपासाचा अधिकार कोर्टाच्या हद्दीबरोबर चालतो, त्यामुळे पुण्यातही तपास होऊ शकत होता.

बरं, समजा होऊ शकत नसता. तरी तक्रार घ्यावीच लागली असती. १ जुलै २०२४ पासून ही नवी संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ मध्ये दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर ‘गुन्हा कुठल्याही भागात घडलेला असो’ देता येते असं स्पष्ट लिहिलंय. यालाच सगळे ‘झीरो एफआयआर’ म्हणतात. हा शब्द कायद्यात शोधू नका, सापडणार नाही. ठाण्यात मात्र नेमकं हेच बोला : ‘शून्य क्रमांकाने नोंद करा आणि हद्दीच्या ठाण्याला वर्ग करा.’ दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली आणि २०१३ पासून गृह मंत्रालयाच्या सूचना निघत राहिल्या. पण सूचना कपाटात राहते आणि कलम भिंतीवर लागतं. आता कलम आहे. त्याच २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हेही सांगितलं होतं की खबरीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद करणं बंधनकारक आहे, मर्जीचा भाग नाही.

नोंदीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. तरीही नकारच आला तर तक्रार लेखी लिहून पोलीस अधीक्षकांकडे पोस्टाने पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

हे सगळं मी पुस्तकातून सांगत नाहीये. वीसेक वर्षांपूर्वी बसस्टँडसमोर माझी बॅग गेली. आत दोन अशिलांच्या फाइली होत्या, म्हणून जीव टांगणीला लागला. तो रस्ता म्हणजे दोन ठाण्यांची शीव. या बाजूच्या ठाण्यात म्हणाले, बसस्टँड पलीकडे. पलीकडच्यांनी विचारलं, तुम्ही रिक्षा कुठे थांबवली? अलीकडे? मग तिकडेच. अंगात काळा कोट, हातात कायद्याचं पुस्तक, आणि तरी मी तो रस्ता तीन वेळा ओलांडला. चोराने एकदाच ओलांडला असणार. तेव्हा जे मला उशिरा उमगलं ते तुम्हाला आधीच सांगते : ठाण्यांच्या हद्दी पोलिसांनी आपापसांत काम वाटून घ्यायला आखल्या आहेत. तक्रारदाराला अडवायला त्या आखलेल्याच नाहीत.

पुढच्या वेळेसाठी : गाडीतच तिकीट तपासनिसाकडे किंवा पहाऱ्यावरच्या पोलिसांकडे तक्रारीचा फॉर्म मिळतो, मधल्या स्टेशनला उतरायची गरज पडत नाही. १३९ वर फोनही करता येतो. आणि आता नोंदीची प्रत मिळाली की तिच्या आधारे ‘संचार साथी’वर मोबाइल बंद करून घ्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ७१, एकटा राहतो. ‘दिल्ली पोलीस’ म्हणून व्हिडिओ कॉल आला. गणवेश, मागे झेंडा, टेबलावर फाइली, सगळं होतं. माझ्या आधारवर पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, असं सांगितलं. नऊ तास बसून होतो. ‘खातं तपासण्यासाठी’ दीड लाख रुपये पाठवले. दुसऱ्या दिवशी पुतणी आली तेव्हा उलगडा झाला. आता लाज वाटते. मला एवढंच विचारायचंय, दिल्लीचे पोलीस मला इथे बसल्या जागी अटक करू शकतात का? असा काही कायदा आला आहे का? (एक वाचक, संगमनेर)

उत्तर : सर, असा कायदा आलेला नाही, आणि लाज तुम्हाला वाटायचं कारण नाही. माझ्या ओळखीतल्या एका बँक मॅनेजरसाहेबांनीही अशाच कॉलपुढे तीन तास काढले.

अटक म्हणजे काय हे त्याच नव्या संहितेच्या कलम ४३ मध्ये अगदी शारीरिक शब्दांत सांगितलंय. पोलिसाने माणसाच्या अंगाला प्रत्यक्ष हात लावला पाहिजे किंवा त्याला अडवून ठेवलं पाहिजे. माणूस स्वतःच शब्दाने किंवा कृतीने ताब्यात यायला तयार झाला तरच ते लागत नाही. पण तेव्हाही ताब्यात घेणारा समोर हवा ना! दिल्लीत बसून संगमनेरच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवता येत नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ हा शब्द चोरांच्या शब्दकोशातला आहे, कायद्याच्या नाही.

खरे दिल्ली पोलीस आले असते तर काय झालं असतं तेही सांगते, म्हणजे फरक कळेल. पोलिसांना आरोपीच्या मागावर देशात कुठेही जाता येतं, त्यात हद्द आड येत नाही. पण स्वतः यावं लागतं. अंगावर स्पष्ट वाचता येईल असा नावाचा बिल्ला लागतो. अटकेचा पंचनामावजा कागद, म्हणजे अटक मेमो, करावा लागतो. त्यावर घरच्या एकाची किंवा गल्लीतल्या एखाद्या प्रतिष्ठिताची सही लागते. अटकेचं कारण सांगावं लागतं, नातेवाइकाला कळवावं लागतं. आणि त्यानंतर घड्याळ सुरू होतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. दिल्ली लांब असेल तर इथल्याच जवळच्या मॅजिस्ट्रेटसमोर. त्या मॅजिस्ट्रेटला तुमचा खटला चालवायचा अधिकार नसतो, पण ‘घेऊन जा’ किंवा ‘सोडा’ हे बघायचा असतो. ट्रान्झिट रिमांड म्हणतात ते हेच. म्हणजे पकडायला सगळा देश मोकळा आणि ठेवायला फक्त चोवीस तास, अशी ही रचना आहे. यातली एकही पायरी फोनवर होत नाही. आणि ‘तपासणी’साठी पैसे मागणारं कोर्ट किंवा ठाणं मी तरी एवढ्या वर्षांत पाहिलेलं नाही.

पैशांचं : १९३० वर फोन केला नसेल तर हे पत्र वाचून खाली ठेवा आणि आधी फोन करा. पैसे खात्याखात्यांतून पुढे सरकतात, तासागणिक हातातून जातात. ‘फसवणूक दिल्लीहून झाली, दिल्लीत जा’ असं कुणी म्हणालं तर कलम २०२ दाखवा. इलेक्ट्रॉनिक संदेशातून केलेल्या फसवणुकीचा खटला संदेश जिथून निघाला तिथे चालतो, तसाच जिथे पोहोचला तिथेही चालतो. तुमचा फोन ज्या घरात वाजला, त्या घराचं ठाणं तुमचं.

प्रश्न : माझं वय ६४. सुरतच्या एका ठाण्यातून ‘साक्षीदार म्हणून जबाबासाठी हजर राहावे’ अशी नोटीस आली आहे. तिथल्या एका व्यापाऱ्याशी माझा पूर्वी व्यवहार होता. जावंच लागेल का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : नोटिशीवरचं कलम बघा, सगळं तिथेच आहे. १७९ असेल तर ती साक्षीदाराची नोटीस. या कलमाखाली पोलीस अधिकारी स्वतःच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतल्या माणसालाच बोलावू शकतो. धुळे काही सुरतेच्या ठाण्याला लगत नाही. शिवाय साठीच्या वरचे पुरुष, पंधराच्या आतली मुलं, कुठल्याही वयाच्या स्त्रिया, अपंग आणि गंभीर आजारी माणसं यांना घराबाहेर कुठेही बोलावता येत नाही. स्वतःहून जायचं ठरवलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा नम्र भाषेत, रजिस्टर पोस्टाने कळवा : माझं वय ६४ आहे, मी धुळ्यात राहतो, जबाब घरी येऊन घ्यावा, मी सहकार्य करीन. नोटीस चुरगळून टाकू नका. माहिती असेल ती खरी सांगा, एवढं तुमच्याकडून लागतं.

पण कलम ३५(३) असेल तर सावध व्हा. ती संशयिताची नोटीस आहे. तिला ही लगतच्या ठाण्याची मर्यादा नाही, आणि गेला नाहीत तर अटक होऊ शकते. अटकेची भीती खरी असेल तर सुरतच्या कोर्टापर्यंत पोहोचायला पुरेल एवढा तात्पुरता अटकपूर्व जामीन इथलं सत्र न्यायालय देऊ शकतं. दुसऱ्या राज्यात नोंदलेल्या गुन्ह्यासाठीही असा जामीन देता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. तो मुदतीचा असतो, आणि इथे का मागावा लागला याचं कारण कोर्टाला पटवून द्यावं लागतं.

प्रश्न : मुलगी हैदराबादला सासरी होती. छळ सोसवेना म्हणून गेल्या महिन्यात लेकरासह माहेरी आली. सगळं घडलं तिकडे, म्हणून तक्रार तिकडेच द्यावी लागेल असं जावई फोनवर हसत सांगतो. (एक आई, लातूर)

उत्तर : जावयाचा कायदा जुना आहे. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की सासरच्या छळाला कंटाळून बाई जिथे आसऱ्याला आली, तिथेही तिला तक्रार देता येते. कारण छळाची जागा सोडली म्हणून त्याचा मनावरचा घाव मागे राहत नाही, तो तिच्याबरोबर माहेरी येतो. माझ्या मते हद्दीच्या कायद्यातला हा सगळ्यात शहाणा विचार आहे. कोर्टाने नकाशा बाजूला ठेवून माणसाकडे पाहिलं.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात तर बाई ‘तात्पुरती’ राहत असेल तिथलंही कोर्ट चालतं, आणि तिथे मिळालेला आदेश भारतभर अंमलात येतो. लातूरचा आदेश हैदराबादेत दाखवता येईल. पोटगीचा अर्ज ती राहते तिथे करता येतो. हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट मागायचा झाला तर २००३ च्या दुरुस्तीपासून बायकोला स्वतःच्या राहत्या ठिकाणी अर्ज करता येतो.

माझा सल्ला : हे सगळे अर्ज एकदम टाकू नका. उत्साही वकील चार अर्ज चार टेबलांवर ठेवतात आणि मग लेकराला कडेवर घेऊन तारखा मोजत मुलगीच हिंडते. आधी कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज करा, त्यातच राहणं, खर्च आणि संरक्षण तिन्ही मागता येतं. बाकीचं नंतर बघू.

प्रश्न : चेक बाउन्सची केस कुठे करायची? एक वकील सांगतात त्याच्या बँकेच्या गावी, दुसरे सांगतात माझ्या. आणि बिलाखाली ‘सर्व वाद मुंबई न्यायालयाच्या अधीन’ असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ काय? (एक व्यापारी, इचलकरंजी)

उत्तर : दोघे वकील बरोबर आहेत, फक्त एकाचं कॅलेंडर जुनं आहे. १९९९ पासून चेक लिहिला, भरला, परत आला, नोटीस दिली, पैसे थकले, यांतल्या कुठल्याही जागी केस चालायची. ऑगस्ट २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नाही, चेक देणाऱ्याच्या बँकेची शाखा असेल तिथेच. आमच्या कोर्टातून तेव्हा गठ्ठेच्या गठ्ठे परत निघाले, फिर्यादी ते बगलेत मारून परगावच्या गाड्या शोधत होते. जून २०१५ मध्ये सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी कायदा बदलला. आता तुम्ही चेक तुमच्या खात्यात भरला असेल, तर तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट. म्हणजे इचलकरंजी. हद्दीकडे बघता बघता मुदती मात्र विसरू नका : चेक परतल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून १५ दिवस त्याला पैसे द्यायला, आणि ते संपल्यावर एका महिन्यात फिर्याद.

बिलावरच्या ओळीचं : ज्या कोर्टांना मुळात अधिकार आहे, त्यांपैकी एक निवडायचा करार व्यापारी करू शकतात. ज्या कोर्टाला अधिकारच नाही, त्याला तो करार देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९७१ मध्येच सांगितलंय. आणि तुम्ही घरासाठी फ्रिज घेतलेला साधा ग्राहक असाल तर ती ओळ वाचूच नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते.

प्रश्न : शेजाऱ्याने बांध कोरून आमची पाच-सहा गुंठे जमीन नांगरात घेतली आणि आमची बैलगाडीची वाटही काटे टाकून बंद केली. पोलीस म्हणतात, दिवाणी बाब आहे. तलाठी म्हणतात, कोर्टात जा. जिल्ह्याला एका वकिलांकडे गेलो तर म्हणाले, तुम्ही दोघेही आता शहरात राहता ना, मग इथेच दावा लावू. लावावा का? (एक शेतकरी, परांडा)

उत्तर : लावू नका. आणि का लावू नका हे मला फार महागात कळलंय.

वकिलीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे वाटपाचा दावा आला. जमीन एका तालुक्यात, भाऊ-भाऊ सगळे जिल्ह्याच्या गावी राहणारे. जुना वाटणीचा कागदही तिथेच लिहिलेला. मी म्हटलं, सगळे इथेच आहेत, मग दावाही इथेच. सीनियर बाहेरगावी होते, विचारायला कुणी नव्हतं, आणि विचारावं असं मला वाटलंही नाही. समोरच्या म्हाताऱ्या वकिलांनी लेखी कैफियतीच्या पहिल्याच परिच्छेदात हद्दीची हरकत घेतली आणि माझ्याकडे बघून, काकांनी पुतणीकडे बघावं तसे, हसले. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १६ : स्थावर मिळकतीचा दावा मिळकत आहे तिथेच. माणसं कुठे राहतात याला तिथे किंमत नाही. चौदा महिन्यांनी कोर्टाने दावा ‘परत’ केला, फेटाळला नाही. मग तालुक्याला नव्याने दाखल, नव्याने समन्स, सगळं पहिल्यापासून. मुदत कायद्याच्या कलम १४ मुळे चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे घालवलेला वेळ वजा झाला, म्हणून दावा वाचला. अशिलाचे चौदा महिने मात्र कुठलंच कलम परत देत नाही. थोरल्या भावाने मला एका शब्दाने दुखावलं नाही, फक्त फी देताना नोटा दोनदा मोजल्या.

यातली खाचाखोच बघा. त्या म्हाताऱ्या वकिलांनी सुरुवातीला हरकत घेतली नसती तर पुढे घेता आली नसती. जागेच्या हद्दीची हरकत पहिल्या संधीलाच घ्यायची असते. मागाहून अपिलात ती उकरायची तर चुकीच्या जागेमुळे अन्याय झाला हेही दाखवावं लागतं. फौजदारीतही तसंच आहे, चुकीच्या जिल्ह्यात खटला चालला एवढ्यावरून निकाल रद्द होत नाही. पण विषयाची हद्द ही वेगळ्या जातीची. कूळ आहे की नाही हा प्रश्न आपल्याकडे तहसीलदारांचा आहे, दिवाणी कोर्टाचा नाही. तो दिवाणी कोर्टाने ठरवला, दोन्ही पक्ष गप्प बसले, अगदी लेखी संमतीही दिली, तरी तो हुकूमनामा टिकत नाही. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अधिकार नसलेल्या कोर्टाचा निकाल मुळातच शून्य, दरखास्तीच्या वेळीही, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागितली जाते तेव्हाही, त्यावर बोट ठेवता येतं. गंमत म्हणजे ज्याने तो मुद्दा काढला होता तो पक्षकार हरला. त्याची तक्रार दाव्याच्या किमतीच्या हद्दीची, म्हणजे किती रकमेचा दावा कुठल्या कोर्टात चालतो याची होती, आणि ती पुन्हा माफ होणाऱ्यांतली निघाली.

आता तुमचं. पोलीस ‘दिवाणी बाब’ म्हणाले त्यात अर्धं खरं आहे. बांध कुणाचा हे ठरवायचा अधिकार फौजदारालाच काय, पोलीस महासंचालकांनाही नाही. पण काठ्या निघाल्या, धमकी दिली, मारहाण झाली, तर ती बांधाच्या आडून दिवाणी होत नाही. त्याची तक्रार घ्यावीच लागते.

वाटेसाठी कोर्टाची वाट धरू नका. १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आजही जिवंत आहे. कलम ५ खाली वाट किंवा पाणी अडवल्यास तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. काटे कधी टाकले ती तारीख तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. आज शोधून काढा.

कोरलेल्या जमिनीसाठी आधी भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी. ‘पाच-सहा गुंठे’ हे कोर्टात चालत नाही. नकाशा हातात आला की दावा, आणि तो जमीन ज्या तालुक्यात आहे तिथल्याच दिवाणी कोर्टात. शेत दोन कोर्टांच्या शिवेवर पडत असेल तर दोन्हींपैकी कुठल्याही.

प्रश्न : आमच्या भागातल्या एका गुंडाला ‘तडीपार’ केलं. तो शेजारच्या जिल्ह्यात आरामात फिरतो. ही कसली शिक्षा? (एक वाचक)

उत्तर : ती शिक्षा नाहीच. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ५६ म्हणजे माणसाला त्याच्या मुळांपासून तोडायचा उपाय, फार तर दोन वर्षांसाठी. आदेशात जी हद्द लिहिली असेल तिच्याबाहेर तो मोकळाच असतो. आत परवानगीशिवाय दिसला तर मात्र तो स्वतंत्र गुन्हा. दिसला तर कळवा, स्वतः अडवायला जाऊ नका.

प्रश्न : मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मार्सेलिसला सावरकरांना फ्रान्सच्या भूमीवर ब्रिटिशांनी पकडलं. तिथे ब्रिटिश पोलिसांना काडीचा अधिकार नव्हता. मग त्यांची सुटका का झाली नाही? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : प्रश्न चांगला आहे, पण त्यातली एक गोष्ट दुरुस्त केली की उत्तर दिसायला लागतं. ८ जुलै १९१० ला ‘मोरिया’ बोटीच्या खिडकीतून उडी मारून ते धक्क्यावर आले, तेव्हा त्यांना धरणारा फ्रेंच पोलीस होता. त्याने त्यांना बोटीवर नेऊन दिलं, आणि बोटीवरून मागे धावत आलेले लोक त्याच्या मदतीला होते. फ्रान्सने नंतर कैदी परत मागितला. प्रकरण हेगच्या लवाद न्यायालयाकडे गेलं, बेल्जियमचे माजी पंतप्रधान बेर्नार्ट अध्यक्ष होते. २४ फेब्रुवारी १९११ चा निवाडा असा : परत देण्यात अनियमितता झाली खरी, पण ब्रिटिशांनी फसवणूक केली नाही, बळजबरी केली नाही. फ्रान्सच्याच माणसाने कैदी हाती दिला. अशा वेळी कैदी परत केलाच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय कायद्यात नियम नाही. हा निवाडा यायच्या आधीच, २४ डिसेंबर १९१० ला, मुंबईत पहिली जन्मठेप सुनावलीही गेली होती.

हा निवाडा मला पटत नाही. हद्द ओलांडणाऱ्याला शेवटी ओलांडल्याचा फायदाच झाला. पण तुला परीक्षेत आणि पुढे कोर्टात उपयोगी पडेल तो विचार त्यात आहे, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९५४ मध्ये तपासाबद्दल तोच धरला : तपासात बेकायदेशीरपणा झाला एवढ्यावरून खटला कोसळत नाही, त्यामुळे न्याय बिघडला हे दाखवावं लागतं. म्हणून ‘दुसऱ्या जिल्ह्याच्या पोलिसांनी उचललं, हद्दच नव्हती’ असं सांगत कुणी माझ्याकडे आलं, तर मी हद्दीबद्दल विचारतच नाही. विचारते, घरातून किती वाजता नेलं आणि मॅजिस्ट्रेटसमोर किती वाजता उभं केलं. चोवीस तासांचा हिशेब चुकला असेल तर जामिनाच्या अर्जात पहिली ओळ तीच असते. बहुतेकांना पहिली वेळ आठवत नाही. एकदा एका आजींनी अचूक सांगितली होती, कारण तेव्हा त्यांची मालिका नुकतीच सुरू झाली होती.